रविवारचं शटर

ह्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जिच्या नावानं अख्खी गल्ली रडून मोकळी झाली, तीच बाई जिना उतरून खाली आली आणि भेटायला आलेल्यांना बसायला खुर्च्या द्या म्हणाली. नगरच्या कापडबाजाराच्या पाठच्या गल्लीत ज्यांनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनाही दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं की आपण हे पाहिलेलं नसणार, ऐकलेलं असणार. आणि ऐकलं असेल तर शांतवन पाटोळ्यांकडूनच.

शांतवनकाकांची साक्ष कुठं चालत नाही, हाच मोठा घोटाळा होता. पाटोळे स्टोअर्सच्या गल्ल्यावर बसून त्यांनी जन्मभर सुया, बटणं, नाड्या, स्टोव्हच्या पिना, कुकरची रबरं विकली; पण त्या सगळ्याहून जास्त खपल्या त्या थापा, आणि त्या फुकट होत्या. गावात सर्कस आली तेव्हा माहुतानं हत्तीच्या झुलीला बटण हवं म्हणून हत्तीलाच दुकानाशी आणलं, आणि हत्तीनं सोंडेनं बरण्या हुंगून नेमकं जुळणारं बटण काढून दिलं, ही त्यांची ठेवणीतली. ती रंगात आली की वरच्या खिडकीतून त्यांची थोरली बहीण मरिया सांगायची, "हत्ती नव्हता, उंट होता. आणि तो चौकातच उभा होता." सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. मुलींच्या शाळेत तिनं गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि भावाची बायको गेल्यावर त्याची मुलं तिनंच वाढवली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही आणि दुसऱ्याचं खोटं तिच्या नजरेतून कधी सुटलं नाही. आता नजर अधू झाली होती, तर ते काम कानांनी चालू होतं.

त्या रविवारी घरातली सगळी जमली होती ती ह्या अक्काचं काय करायचं ते ठरवायला. कुणी तसं म्हणत नव्हतं. म्हणायला चर्चमध्ये सुगीचा सण होता.

झालं होतं असं, की गणपतीत शांतवनकाकांच्या छातीत कळ आली, पुण्याला नेऊन स्टेंट टाकला, आणि तेव्हापासून दुकान बंद होतं. बंद शटर बघून शेजारच्या लेहेंग्यांच्या शोरूमवाल्या धनश्रीनं जागा भाड्यानं मागितली. तिला शोरूम वाढवायची होती, आणि उत्तर सोमवारी हवं होतं. अडचण एवढीच, की पाटोळ्यांचा वर जायचा जिना दुकानातूनच होता; शटर बंद असलं तरी कडेच्या अरुंद दारानं येजा चालायची. खाली लेहेंगे आले की वर माणसं राहणार कशी? मुलगा नॅथन सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथंच हायवेला लागून सहाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. त्यानं दोघांना तिकडं न्यायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे प्रेमानं ठरवलं होतं. अक्काच्या खोलीत नवा पलंग आला होता, आणि न्हाणीघरात तिला धरायला स्टीलचा दांडा त्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. इतकं केल्यावर त्याला नाही कोण म्हणणार?

शांतवनकाकांचा स्वतःचा प्रश्न नव्हता. ऐकणारा मिळाला तर ते चंद्रावरही राहिले असते. पण अक्का रोज सकाळी काठी घेऊन जिना उतरायची, दुकानातून बाहेर पडून गोरक्ष शिंप्याच्या पायरीवर टेकायची, त्याच्या पोरीचे पाढे ऐकायची, पुढं रंगुबाईकडून मेथीची जुडी घ्यायची, डेअरीतून दूध, आणि परत. एवढ्या टापूत ती कुणाची मिंधी नव्हती. कुणाला हाक मारावी लागत नव्हती, कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नव्हती. सुप्याला तिला लिफ्टचं बटणही दिसणार नव्हतं.

तसा गल्लीचा टापूही आक्रसत चालला होता, हे खरं. पिठाच्या गिरणीत आता मोबाईलची कव्हरं मिळायची. धान्याच्या पेढीत वॅफल्स आले होते. कल्हईवाल्याच्या जागी नवरीचा मेकअप होता. गल्लीत नवरी डोक्यापासून पायापर्यंत सजवून मिळाली असती. नवरीच्या आईला मूठभर मीठ लागलं तर मात्र तिनं पार उपनगरात, सावेडीला जावं.

तर रविवारी सगळे चर्चमधून आले. सुगीच्या लिलावात नॅथननं एक अजस्र भोपळा घेतला होता, आराधनानं ऊस आणि झेंडूची पाटी. आराधना म्हणजे काकांची मुलगी, श्रीगोंद्याला दिलेली. दवाखान्यात बापाच्या उशाशी तीच बसली होती, आणि तेव्हापासून भावाच्या बाजूनं होती. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत. नॅथनच्या बायकोनं, रोहिणीनं, पदर खोचून मटण कुकरला लावलं. आधी जेवण, मग बोलणं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं.

कुकरनं शिट्टी दिली नाही. फुसफुसला, कडेनं वाफ सोडली, आणि झाकण काढून बघितलं तर रबराला चीर.

"खालून आण," अक्का म्हणाली.

हे पाटोळ्यांच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य. ह्या घरात वरच्या मजल्यावर कधी काही साठवून ठेवलंच नाही. मेणबत्ती, सुईदोरा, गाळणी, नाडी, काय लागेल ते खालून आण. दुसऱ्यांच्या घरात फळीवर असतं ते ह्यांच्या घरात जिन्याखाली असायचं. अक्कानं सवयीनं म्हटलं आणि सगळ्यांनी जिन्याकडं पाहिलं. खाली शटर होतं, आणि आज रविवार होता.

दुकान काढलं काकांच्या वडिलांनी, दानियलमास्तरांनी. रविवारी दुकान उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. पुढं दुष्काळ आले, लग्नसराया आल्या, दिवाळीच्या ऐन गर्दीचे रविवार आले. शटर वर गेलं नाही. गेलं ते दोनदाच. एकदा खुद्द दानियलमास्तर गेले तेव्हा आणि एकदा काकांची बायको गेली तेव्हा. दोन्ही मरणं नेमकी रविवारची, आणि जिना इतका अरुंद की शवपेटी वर नेता येईना. म्हणून दुकान मोकळं करून तिथंच ठेवली. तेव्हापासून घड्याळ बंद पडलं तरी गल्लीला रविवार कळायचा तो पाटोळ्यांच्या शटरवरून.

नॅथननं मुलाला पिटाळलं. सॅम सव्वीशीचा पोरगा, सुप्यालाच एका कंपनीत कंत्राटी. तो गेला आणि बऱ्याच वेळानं हात हलवत आला. वॅफलवाल्यानं त्याला कव्हरवाल्याकडं पाठवलं, कव्हरवाल्यानं मेकअपवालीकडं, आणि शेवटी खोट्या दागिन्यांच्या दुकानातला माणूस म्हणाला होता, असलं सगळं पाटोळ्यांकडं मिळतं, पण म्हाताऱ्याला बरं नाही, पोरं काही बघत नाहीत.

"मी कोण ते सांगितलं नाही मग," सॅम म्हणाला.

मोबाईलवर मागवलं तर उद्या दुपारी येणार होतं. सावेडीला जायला नॅथन तयार होता, पण मोठ्या मिनतवारीनं गाडी लावायला जागा मिळाली होती आणि ती हलवली असती तर परत आल्यावर गाडी भोपळ्यासकट चर्चच्या आवारातच लावावी लागली असती. मटण तसंच पडलेलं. आराधनानं पातेल्यात शिजवू म्हणून सुचवलं. रोहिणी म्हणाली, बोकड जून आहे, नाताळपर्यंत शिजेल.

अक्कानं थोडा वेळ काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, येशूनंच सांगितलंय, आडात पडलेला बैल कुणी सोमवारपर्यंत आडात ठेवत नाही. उघडा.

एवढं ऐकायचा अवकाश, काका जिन्यावर. नॅथन आणि सॅम त्यांच्यामागं. आतला दिवा लागेना. दोन महिन्यांत उंदरांनी वायर कुरतडली होती. सॅमनं मोबाईलचा उजेड धरला, तर काका म्हणाले, ह्या उजेडात कुकरच्या रबराचा आकार कळत नसतो, त्याला दिवसाचाच उजेड लागतो. कळला असता. पण दोन महिने ज्या माणसानं आपलं दुकान उजेडात पाहिलं नाही, त्याच्या तोंडी एवढं चालायचंच. नॅथन-सॅम बापलेकांनी मिळून शटर उचललं. ते जे करकरलं, ते पार माणिकचौकात ऐकू गेलं असं काका पुढं सांगत. आपण गल्लीच्या टोकापर्यंत धरू.

उजेड आत आला. काका आपल्या भिंतींकडं बघत उभे राहिले. दुकानाची मांडणी त्यांची त्यांनी लावलेली: ही स्वयंपाकघराची भिंत, ही न्हाणीची, ही शिवणाची, आणि मागं पोरांच्या शाळेचं. गिऱ्हाईक आलं की काय पाहिजे असं ते विचारत नसत. काय मोडलं, असं विचारत. माणसाला पाहिजे त्याचं नाव येत नाही, पण मोडलं ते बरोबर सांगता येतं.

रबर हातात आलं आणि ते वळले, तर दारात रंगुबाई उभी. तोंडाला पदर. तिनं आधी उघडं शटर पाहिलं, मग नॅथनचा कडक शर्ट, मग रबर मिळालं का बघायला आतल्या जिन्यावर आलेल्या रोहिणी-आराधनाच्या पांढऱ्या साड्या, आणि आराधनानं खाली ठेवायला आणलेली झेंडूची पाटी. ती मटकन उंबऱ्यात बसली.

"कदी झालं?" तिनं विचारलं.

काकांना वाटलं कुकरबद्दल विचारते. ते म्हणाले, आत्ताच, अर्धा तास झाला. वाफच निघून गेली.

रंगुबाईनं जो हंबरडा फोडला तो ऐकून गोरक्ष शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. त्यानं येता येता आपली मशीन बंद केली. डेअरीवाल्यानं अर्धं शटर ओढलं. त्याचं बघून कव्हरवाल्यानं ओढलं. शोरूममधलं लग्नाचं गाणं मध्येच तुटलं आणि धनश्री पायातल्या उंच टाचा हातात घेऊन अनवाणी आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. रविवारी पाटोळ्यांचं शटर वर आहे, एवढं पुरे होतं. आणि काका तर समोर उभे होते. मग वर कोण राहिलं, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळत होतं.

नॅथननं दोनदा तोंड उघडलं. पण गोरक्षनं त्याला मिठीच मारली आणि त्याचं तोंड टेपच्या गुंडाळीत गेलं. काकांचं म्हणाल तर त्यांना एव्हाना सगळं उमगलं होतं. एका शब्दात त्यांना हे थांबवता आलं असतं. पण समोर ही माणसं जे बोलायला लागली होती, ते असं जिवंतपणी कुणाला ऐकायला मिळत नाही, आणि वरच्या जिन्याचं दार उघडं होतं.

"रोज एक जुडी घ्यायच्या," रंगुबाई उंबऱ्याला सांगत होती. "दात न्हाईत, मेथी खात न्हाईत, मला काय ठावं न्हाई व्हय? पन घ्यायच्या. आन् मग बसायच्या. म्या म्हनायची, अक्का, ऊन झालं, जावा. त्या म्हनायच्या, तुजी पाटी रिकामी हूदे. दुसरं कुनी बसतं का वं माज्याजवळ? ही समदी गाडीवर येत्यात, काच खाली करत्यात, भाव इचारत्यात, काच वर करत्यात."

गोरक्ष म्हणाला, पोरगी कालच सतराचा पाढा न चुकता म्हणाली होती, अक्कांना उद्या ऐकवू म्हणत होती. आणि त्यानं गळ्यातल्या टेपनंच डोळे पुसले.

पण सगळ्यात जास्त रडत होती धनश्री. तिचं कुणालाच कळेना. तिचा आणि अक्काचा संबंध भिंतीला भिंत एवढाच. ती काकांसमोर येऊन हात जोडून म्हणाली, मी जागा मागितली म्हणून झालं. त्यांनी मनाला लावून घेतलं. काका, मला माफ करा, मला जागा नको.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

अक्का जिना उतरताना एक पायरी दोनदा तपासायची. आधी काठी, मग पाय. सगळे ते ऐकत राहिले. शेवटच्या पायरीला पांढरी साडी उजेडात आली, तेव्हा कव्हरवाला दोन पावलं मागं सरला आणि रंगुबाईच्या डोळ्यांतलं पाणी आहे तिथंच थांबलं.

"खुर्च्या द्या त्यांना," अक्का म्हणाली. "इतकी माणसं आलीत. कोण गेलं?"

 मग रंगुबाई उठली, अक्काच्या अंगाला, हाताला, गालाला चाचपून बघितलं, आणि एक सणसणीत शिवी हासडली. ती कुणाला, हे देवालाच माहीत. अक्कानं ती आपल्याकडं घेतली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सतराचा पाढा कुणाचा राहिलाय, असंही तिनं विचारलं. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

आता इथं गल्लीची खरी पंचाईत झाली. भेटायला आलेलं माणूस जिवंत निघालं तर काय करायचं, ह्याची रीत कुठंच नाही. नुसतं परत जावं तर वाईट दिसतं. वाईट वाटलं म्हणावं तर त्याहून वाईट. गोरक्ष घुटमळला, आणि म्हणाला, आलोच आहे तर, मशीनची सुई असेल का? डेअरीवाल्याला नळाचं वायसर आठवलं. कव्हरवाल्यानं भीत भीत विचारलं, कुकरचं रबर तीन लिटरचं मिळेल का, त्याची बायको दोन आठवडे डाळ पातेल्यात शिजवत होती. कुणाला इलास्टिक, कुणाला बल्ब, कुणाला पोराच्या शाळेचा कार्डबोर्ड. जणू गेले दोन महिने अख्खी गल्ली मोडून पडली होती आणि कुणी तसं म्हटलं नव्हतं.

काकांना आराधनानं स्टुलावर बसवलं आणि उठलात तर बघा म्हणून सांगितलं. ते बसल्या जागेवरून सांगत राहिले, न्हाणीच्या भिंतीला, खालून दुसरी फळी, डाव्या हाताला. नॅथन कडक शर्टात पालथा पडून वायसरांचा डबा ओढत होता. पोरपणी तो ह्याच फळीखाली लपायचा. हात तिथं गेल्यावर त्याला डबा न बघताच सापडला, आणि तो क्षणभर तसाच पडून राहिला. रोहिणी इलास्टिक मोजत होती. सॅम माणसांना विचारत होता, काय मोडलं? त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी पैशाला हात लावायचा नाही, हे अक्कानं एकदाच सांगितलं. झेंडूची पाटी रिकामी करून उंबऱ्यात ठेवा. ज्याला जे द्यायचं ते तीत, आणि पाटी चर्चला. दानियलमास्तरांचा नेम मोडला आणि पाळलाही गेला.

धनश्री शेवटपर्यंत थांबली. पाय अजून अनवाणी. रडून काजळ गालावर आलेलं. तिला ब्लाउजचे हुक हवे होते, आणि ते मागायची लाज वाटत होती. गेले दोन महिने ती हुकांसाठी सावेडीला माणूस पाठवत होती. कधी माणूस यायच्या आत नवरी निघून जायची.

"जागा तू घेतलीस असं समज," अक्कानं तिला विचारलं. "मग हुक कुठून आणशील?"

"तुमच्याकडूनच," धनश्री सवयीनं म्हणाली. आणि मग ऐकलं आपण काय बोललो ते.

मटण झालं तेव्हा उन्हं कलली होती.  भूकही होती आणि बोलणं समोर आल्याचं सगळ्यांना कळतही होतं. नॅथननं हात धुतले आणि सुरुवात केली. तो भल्या मनाचा माणूस. दुपारी जे झालं त्यानं तो हलला होता, पण एका दिवसाच्या रडण्यावर दुकान चालत नाही, हेही त्याला माहीत होतं. पप्पांना बसायची परवानगी नाही. मग बसणार कोण? धनश्री आज नको म्हणाली तर उद्या दुसरी कुणी हो म्हणेल. आणि आत्याचे डोळे काही परत येणार नाहीत.

आराधना एरवी भावाला दुजोरा द्यायची, ती आज भाताची शितं गोळा करत राहिली. बोलली ती रोहिणी, आणि ती नवऱ्याविरुद्ध बोलेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अक्काला आपल्याकडं आणायचं ठरलं तेव्हा तिनंच चादरी शिवल्या होत्या. ती म्हणाली, अक्का माझ्याकडं आलेल्या आवडतीलच मला. पण मला स्वतःला तिथं कोथिंबिरीची काडी हवी असली तर ह्यांना फोन करावा लागतो. हायवे ओलांडायला मी घाबरते. माझे डोळे चांगले आहेत, पाय चांगले आहेत, आणि मी दिवसभर गॅलरीत उभी असते. त्यांना तिथं आणलं तर आम्ही दोघी उभ्या राहू, इतकंच.

नॅथननं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो बायकोकडं बघत राहिला.

मग सॅमनं घसा खाकरला. त्याचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि पुढं मिळेल अशी खात्री नव्हती. तो म्हणाला, मी बसतो. निदान नाताळपर्यंत बघू. आजोबांनी स्टुलावरून नुसतं सांगायचं. जे मोबाईलवर मागवलं तर उद्या येतं, ते आपल्याकडं आत्ता आहे, एवढी एकच गोष्ट आपल्याकडं आहे, पण ती ह्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडंच नाही. नॅथन म्हणाला, डिप्लोमा करून बटणं विकणार? सॅम म्हणाला, आज दुपारी तुम्हीच विकली, पप्पा.

ह्यावर आराधना हसली, आणि नॅथनलाही हसू आवरेना. नॅथनच्या बाजूला कोण, अक्काच्या बाजूला कोण, हे दुपारपासून इतक्यांदा फिरलं होतं की आता टेबलाभोवती कुणाची बाजू कुठं हे सांगता आलं नसतं. शेवटी नॅथन म्हणाला, आम्ही सगळे बोलतोय, आणि जिचं आहे ती गप्प. तो खुर्ची ओढून अक्कासमोर बसला. "आत्या, तू सांग. तू म्हणशील तसं."

 टेबलाखाली अक्काचा हात मघापासून काकांच्या मनगटावर होता. काकांना वाटलं होतं मायेनं धरलाय. मग कळलं, दोन बोटं नाडीवर आहेत. ती मोजत होती. दुपारच्या धावपळीनं काकांचा चेहरा कागदासारखा झाला होता. तो तिला दिसला नसेल, पण धाप तिला ऐकू येत होती.

"मला सुप्यालाच यायचंय," ती म्हणाली.

 ती नीट बसली, शाळेत उत्तर द्यायला उभी राहिल्यासारखी, आणि सांगू लागली. ह्या गल्लीचा तिला केव्हापासूनचा वीट आलाय. जिना चढून गुडघे गेले. रंगूची मेथी कडू निघते आणि ती बडबड फार करते. गोरक्षची पोर ढ आहे, तिला पाढे ऐकवून काही उपयोग नाही. त्यापेक्षा सहावा मजला, वारा, लिफ्ट. लिफ्ट तिला फार आवडते. आणि हायवेच्या गाड्यांच्या आवाजानं झोप छान लागते, असं तिनं ऐकलंय. दुकान द्या. शांत्यालाही आराम पडेल. खरं तर आपण हे मागंच सांगणार होतो, पण तुम्ही दुकानासाठी हळहळाल म्हणून बोललो नाही.

अक्का म्हणाली म्हणजे ते खरं. ह्या घरात त्यापुढं विचारायची पद्धत नव्हती. नॅथननं मान खाली घातली. मान डोलावली. रोहिणीनं डोळे पुसले आणि अक्काच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, म्हणजे आता आपण हिला चांगलंच ठेवायचं, असं. सॅम ताट उचलून मोरीकडं निघाला.

काका मात्र बसून होते. त्यांच्या मनगटावरची बोटं अजून नाडीवरच होती. थापेच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला दुसऱ्याचा माल पारखता येतो, आणि ह्या मालात खूप कारणं भरली होती, एकावर एक, जिथं खऱ्याला एकही लागलं नसतं. मघाशी दुकानात कोण काय बोललं ते तिनं जिन्यावरून ऐकून, उलटं करून, जसंच्या तसं मांडलं होतं. पहिल्यांदाच करत होती बिचारी. बरं जमलं नव्हतं.

त्यांनी आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "खोटं बोलतीयेस तू."